आत्ती चालताना बघत नाही

मला पगार मिळतो तो दडलेल्या गोष्टी शोधण्याचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये मी क्वालिटीला असतो. फाउंड्रीतून एसजी आयर्नचं, म्हणजे एका जातीच्या ओतीव लोखंडाचं, कास्टिंग येतं. वरून बघावं तर एकदम नितळ, आणि आत कुठंतरी दोन-तीन मिलिमीटरचं ब्लोहोल, म्हणजे वायूमुळं राहिलेली पोकळी. मशिनिंग झाल्यावर ते उघडं पडलं की जॉब भंगारात, टूलचा आणि मशीनच्या तासांचा खर्च अंगावर, वर पार्टीची बोलणी. म्हणून महागाच्या जॉबवर आधीच अल्ट्रासोनिक प्रोब फिरवायचा. पृष्ठभागावर ग्रीस चोपडायचं, कारण मध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरतच नाही. मग प्रोब टेकवून स्क्रीनकडं बघत बसायचं. डाव्या बाजूला एक उंचवटा असतो तो वरच्या पृष्ठभागाचा, उजव्या बाजूला दुसरा, तळाकडून परत आलेल्या आवाजाचा. या दोघांच्या मध्ये तिसरा उठला की हात थांबवायचा.

प्रोब फिरवायचा तो शेत नांगरावं तसा, ओळीनं. पुढची ओळ मागच्या ओळीवर थोडी चढली पाहिजे, नाहीतर दोन ओळींच्या फटीत राहिलेलं भोक नेमकं गिऱ्हाइकाला सापडतं. या कामात ‘सर, मी वाटेल तिथं टेकवून बघितलो’ असं कोणी म्हटलं तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

किती बरोबर, याचा हिशोब करता येतो. पृष्ठभागाचे शंभर चौकोन पाडा. ओळीनं गेलात तर शंभर टेकवण्यांत शंभर चौकोन बघून होतात. डोळे झाकून वाटेल तिथं शंभर वेळा टेकवलंत तर काही चौकोनांवर दोनदा-तीनदा जाल आणि सुमारे 37 चौकोन कोरेच राहतील. म्हणजे तेवढ्याच मेहनतीत 63 टक्के काम. मेहनत दुप्पट केली तर 86 टक्के, तिप्पट केली तर 95. शंभर टक्के कधीच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्या शोधण्याचं गणित बसवणाऱ्या बर्नार्ड कूपमननं नेमकं हेच सूत्र वापरलं. त्याला ओळीनं शोधण्याची अक्कल नव्हती असं नाही. पण समुद्रात वारा जहाज ढकलतो, नेव्हिगेशन चुकतं, पाणबुडीही जागची हलते. कागदावर आखलेल्या सरळ ओळी प्रत्यक्षात एकमेकींवर चढतात, मध्ये फटी राहतात. त्यामुळं ठरवून केलेल्या शोधाचा निकालसुद्धा वाटेल तशा शोधाच्या जवळपास येऊन पडतो. म्हणून 63 टक्के हा आकडा धरून चालायचं, वर जे मिळेल ती कमाई.

ओळीनं शोधणं कधी जिंकतं? तीन गोष्टी जुळल्या तर. शोधायच्या जागेला कडा हवी, आपण कुठं कुठं जाऊन आलो ते पक्कं ठाऊक हवं, आणि वस्तूवरून गेलो तर ती दिसायलाच हवी. माझ्या टेबलावर तिन्ही आहेत. जांबोटीच्या पुढं, चोर्ल्याच्या रस्त्यानं आत गेल्यावर जे रान लागतं तिथं एकही नाही.

तिथं माझी आत्ती राहते. पाऊस लागून वाफसा आला की ती अळंबीला जाते, आणि सुट्टी असली तर मी तिच्या मागून. आमच्याकडची सगळ्यात चवीची अळंबी येते ती वारुळाची. तिचं शास्त्र मजेशीर आहे: वाळवी स्वतःच ही बुरशी शेतासारखी पिकवते. पालापाचोळा, लाकूड खाऊन आत त्याचा गाळा रचते, त्यावर बुरशी वाढते आणि ती बुरशी वाळवीचं अन्न. पावसाळ्यात तीच बुरशी जमीन फोडून छत्री काढते. त्यामुळं अळंबी रानभर सारखी पसरलेली नसते. वारूळ आहे तिथं ढीगभर, मग लांबवर काहीच नाही. उगवली की दोन दिवसांत उमलून, किडे पडून संपते. जमिनीखालचं वारूळ तर वरून दिसतसुद्धा नाही.

मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेलो तेव्हा उद्यमबाग डोक्यात होती. सावकाश चालायचं, डावीकडं बघायचं, उजवीकडं बघायचं, एकही फूट सोडायचा नाही. आत्ती पुढं निघून गेली होती. परत येऊन म्हणाली, “चालतोस तर चाल, बघतोस तर बघ. दोन्ही एकदम करायलास म्हणून काय बी गावत न्हाई तुला.”

ती स्वतः कशी शोधते ते सांगतो. दोन ठिकाणांच्या मध्ये ती तरातरा चालते. नजर समोर, पायवाटेवर, हातातली काठी झुडपांवर आपटत. जमिनीकडं बघतच नाही. मग एकदम थांबते. डोक्यावरचं इरलं मागं सरकवते, उकिडवी बसते आणि बसल्या जागी गोल फिरत काठीच्या टोकानं पाला उलथते. एक पांढरी कळी दिसली तर उठत नाही, हात-दोन हातांवरचा पाला बोटांनी बाजूला करत राहते. काही नाही दिसलं तर क्षणात उभी आणि पुन्हा तरातरा. मधल्या पट्ट्यात काय असेल याची तिला कणभर काळजी नाही. मी मात्र तिच्या मागून चालताना सारखा मागं वळून बघत असतो, की इथं राहिलं असेल काहीतरी.

2005 मध्ये ऑलिव्हिए बेनिशू आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी लपलेल्या लक्ष्यांच्या शोधावर एक शोधनिबंध लिहिला, त्यात हेच गणित आहे. शोधणाऱ्याच्या दोनच अवस्था धरल्या. एकीत तो बारकाईनं बघतो पण जवळजवळ जागचा हलत नाही. दुसरीत तो वेगानं जातो पण त्याला काहीच दिसत नाही. एका अवस्थेतून दुसरीत कधी जायचं ते ठरलेलं नाही, नशिबावर. आता वरवर बघता आंधळ्यासारखं पळण्यात घालवलेला वेळ वाया गेला असं वाटेल, कारण त्या वेळात सापडण्याची शक्यता शून्य. तरीही लक्ष्य विरळ असेल तर असा वेळ काढणाऱ्याला ते लवकर सापडतं. कारण नुसतं बघत बघत सरकणारा त्याच त्या जागेत घोटाळतो, एकदा बघितलेलं पुन्हा पुन्हा बघतो. पळाल्यामुळं तो निदान नव्या जागेवर तरी पोचतो. फक्त दोन्ही अवस्थांना किती वेळ द्यायचा याचं एक उत्तम प्रमाण असतं, आणि ते बघायला किती वेळ लागतो, पळायचा वेग किती, लक्ष्य किती विरळ यावर ठरतं.

टिटवी बघा कधी, नांगरलेल्या शेतात. चार पावलं पळते, थबकते, मान वाकडी करून बघते, टोच मारते किंवा मारत नाही, पुन्हा पळते. कोंबडीसारखी सलग उकरत नाही. पुष्कळ मासे आणि सरडे असंच करतात. आणि याहून लहान पातळीवर, जिथं डोळेच नाहीत, तिथंसुद्धा हीच पद्धत आहे. ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएमध्ये सुमारे 46 लाख अक्षरं असतात, आणि त्याच्यातल्या एका प्रथिनाला त्यातली आपली वीसेक अक्षरांची जागा शोधून तिथं बसायचं असतं. नुसतं पाण्यात तरंगत आपटण्यानं जेवढा वेळ लागायला हवा त्याहून ते कितीतरी लवकर पोचतं, हे 1970 मध्ये मोजलं गेलं. ते डीएनएवर थोडं घसरतं, सुटतं, उडी मारून दुसरीकडं चिकटतं, पुन्हा घसरतं. 2012 मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या गटानं जिवंत पेशीत याचं घसरणं मोजलं. त्यातला एक निष्कर्ष मला फार आवडला: हे प्रथिन आपल्या जागेवरून बहुतेक वेळा नुसतं घसरून जातं, बसतच नाही. काही फेऱ्या झाल्यावर बसतं.

म्हणजे वस्तूवरून जाणं आणि वस्तू दिसणं यांत अंतर आहे. वर सांगितलेल्या तीन अटींतली तिसरी. आमच्या शॉपमध्येसुद्धा हिच्यावरून भांडणं होतात. ‘बघितलंय ते, सोडा’ असं एकजण म्हणतो आणि कागदावर सही असते, म्हणून बाकीचे सोडतात.

याचं मोठं उदाहरण अटलांटिकच्या तळाशी सापडलं. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान 1 जून 2009 ला समुद्रात कोसळलं, 228 माणसं गेली. ब्लॅक बॉक्सला पाण्यात गेल्यावर टिकटिक आवाज करणारे बीकन असतात. पहिल्याच महिन्यात जहाजांनी विमानाच्या शेवटच्या ठाऊक जागेजवळच्या पट्ट्यात ते कान देऊन ऐकलं. काहीच आलं नाही. तो भाग बघून झाला असं धरलं गेलं आणि पुढचे शोध दुसरीकडं सरकले. 2011 च्या सुरुवातीला मेट्रॉन या अमेरिकी कंपनीच्या गणितज्ञांनी सगळा हिशोब पुन्हा मांडला. प्रत्येक जागेला शक्यता द्यायची, तिथं शोधून काही मिळालं नाही की ती कमी करायची, पण शून्य करायची नाही, कारण शोधणारं यंत्रच मुकं असू शकतं. दोन्ही बीकन बंद पडले असतील असं धरून बघितल्यावर नकाशावरचा शक्यतेचा डोंगर पुन्हा त्याच ऐकून सोडलेल्या पट्ट्यावर उभा राहिला. नवीन मोहीम तिथं गेली आणि आठवडाभरातच, 3 एप्रिल 2011 ला, सुमारे 3,900 मीटर खोलीवर अवशेष दिसले. शेवटच्या ठाऊक जागेपासून साधारण 12 किलोमीटरवर.

हे वाचल्यापासून शॉपच्या चेकशीटवर मी ‘ओके’च्या शेजारी प्रोब कुठला आणि कॅलिब्रेशन ब्लॉकवर शेवटचा कधी तपासला ते लिहायला लावतो. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता ज्या गोष्टीमुळं हा सगळा विषय लोकांपर्यंत पोचला ती: लेवी चाल. पॉल लेवी या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावरून. यात बहुतेक टप्पे आखूड असतात, मधूनच एखादा लांब, आणि क्वचित एखादा भलताच लांब. सगळ्यात गाजलेल्या प्रकारात दहापट लांबीचा टप्पा शंभरपट दुर्मीळ असतो. दुर्मीळ, पण साध्या डगमगत्या चालीत असतो तसा अशक्य नाही. 1996 मध्ये गांधीमोहन विश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाजवळच्या अल्बाट्रॉस पक्ष्यांच्या उड्डाणांत असा नमुना दिसल्याचं लिहिलं. 1999 मध्ये त्यांनी दाखवलं की लक्ष्य विरळ असेल, त्याच जागी पुन्हा जाऊन काही मिळण्यासारखं असेल आणि आधीची काहीच माहिती नसेल, तर हाच शंभरपट-दहापटवाला प्रकार सर्वांत सरस ठरतो. एकदा खाल्लं की कायमचं संपलं अशी परिस्थिती असेल तर मात्र सरळ चालत सुटावं.

मग ‘निसर्गाचं गुपित’ वगैरे मथळे सुरू झाले. शार्क लेवी, माकड लेवी, माणूस लेवी. मला या मथळ्यांचा कंटाळा येतो, आणि पुढं जे झालं त्यानं मोजमापवाला माणूस म्हणून जरा गुदगुल्याही झाल्या. अल्बाट्रॉसच्या पायाला सेन्सर बांधलेला होता, तो ओला की कोरडा एवढंच नोंदवत होता. ओला म्हणजे पक्षी पाण्यावर, कोरडा म्हणजे हवेत. सलग कोरडा जितका वेळ, तितकं मोठं उड्डाण. 2007 मध्ये अँड्र्यू एडवर्ड्स आणि इतरांनी जुनी नोंद पुन्हा तपासली तर त्या भलत्या लांब उड्डाणांच्या वेळी पक्षी चक्क घरट्यावर बसलेले होते! समुद्रावर निघण्याआधीचा आणि परत आल्यानंतरचा वेळ उड्डाण म्हणून मोजला गेला होता. विश्वनाथनही त्या तपासणीत सहलेखक होते, हे मला मोठेपणाचं वाटतं.

वाद तिथं संपला नाही. 2010 मध्ये शार्क, टूना वगैरेंच्या पुष्कळ नोंदींवरून दिसलं की खाद्य विरळ असलेल्या पाण्यात त्यांची चाल लेवीच्या जवळ जाते आणि मुबलक असलेल्या पाण्यात साधी डगमगती होते. हे मला पटण्यासारखं वाटतं. 2020 मध्ये बेनिशू यांच्याच गटानं गणितानं दाखवलं की सपाट जमिनीवर तो खास प्रकार सर्वांत सरस असतोच असं नाही. लगेच 2021 मध्ये ब्रिए गिनार आणि आमोस कोरमन यांनी त्यात एक अट घातली: शोधणारा चालताना बघत नसेल, फक्त टप्प्याच्या शेवटी थांबून बघत असेल, तर लक्ष्य लहान असो की मोठं, तोच प्रकार पुन्हा सरस ठरतो. ही अट वाचून मी खुर्चीतून उठलोच. चालताना बघायचं नाही, थांबल्यावर बघायचं. आत्तीला पेपर वाचून दाखवायचं तेवढं बाकी राहिलं.

आणखी एक गोष्ट तिची मला बरीच वर्षं कळली नव्हती. तीन-चार बाजूंना जाऊन काही मिळालं नाही की ती पुढं जात नाही, मागं फिरून थेट वरच्या जांभळीपाशी येते आणि तिथून वेगळी दिशा धरते. मला वाटायचं, एवढं लांब आलोय तर पुढचा उतार तरी बघावा. पण 2011 मध्ये मार्टिन इव्हान्स आणि सत्य मजुमदार यांनी लिहिलेलं असं: एका रेषेवर डगमगत चालणारा कण लक्ष्याला कधी ना कधी गाठतोच, पण त्याला लागणारा सरासरी वेळ अनंत येतो, कारण कधीकधी तो उलट दिशेला भरकटतो तो भरकटतोच. त्याला मधूनमधून उचलून मूळ जागी ठेवलं की सरासरी मर्यादित होते. फार वारंवार परत आणलं तर तो पोचणारच नाही, फार क्वचित आणलं तर भरकटेल, मध्ये कुठंतरी उत्तम वेळ आहे.

वाळवंटातली मुंगीही घर चुकली की असंच करते. बंगळूरला शिकलेले मंड्यम श्रीनिवासन आणि स्विस शास्त्रज्ञ र्यूडिगर वेनर यांनी 1981 मध्ये ते मोजलं. घर जिथं असायला हवं तिथं ते नसलं तर ती तिथूनच लहान फेरी मारते, परत येते, मग जरा मोठी फेरी, परत येते. तिच्या हिशोबानं घर तिथंच जवळपास असायची शक्यता जास्त, म्हणून मधली जागा सगळ्यात जास्त वेळा बघून होते. परतण्यामागं आत्तीचं कारण जरा वेगळं आहे. “वाट चुकली तर तू मला घरला न्हेणार काय?” असं ती म्हणते.

गेल्या पावसाळ्यात मी संध्याकाळी बसून पायथन या संगणकभाषेत एक खेळ केला. पडद्यावर घोळक्यानं ठिपके पेरायचे आणि चार प्रकारचे शोधणारे सोडायचे: ओळीनं जाणारा, डगमगणारा, लेवीवाला, आणि पळून थांबून बघणारा. ठिपका एकदा सापडला की कायमचा पुसायचा की काही वेळानं परत उगवू द्यायचा, हा एक खटका ठेवला. त्या खटक्यानं निकाल किती बदलतो ते बघून आत्तीची आणखी एक सवय लक्षात आली. ती वारुळावरच्या बारीक कळ्या कधी काढत नाही, उमललेल्या तेवढ्या घेते आणि दोन दिवसांनी परत जाते. लक्ष्य पुन्हा उगवणारं ठेवायचं काम ती स्वतःच करते, त्यामुळं तिला सरळ चालत सुटायची गरज पडत नाही. जुनी वारुळं तर तिला पाठच आहेत. नशिबाचा शोध असतो तो फक्त नव्या जागांसाठी, जुन्यांच्या मध्ये मिळालेल्या वेळात. मी वाचलेल्या पेपरांत शोधणाऱ्याला आठवण नसते, आणि खरं सांगायचं तर रानातला निम्मा खेळ आठवणीचाच आहे.

दसऱ्याला घरी गेलो तेव्हा मी तिला लॅपटॉपवर ती चित्रं दाखवली. चष्मा लावून तिनं शांतपणे बघितलं. कुठला ठिपका म्हणजे मी, कुठला म्हणजे वारूळ, ते विचारून घेतलं. मग म्हणाली, “ह्यात अस्वल कुठं हाय?”

आमच्या रानात अस्वलं आहेत आणि वाळवीसाठी तीही वारुळंच शोधत असतात. काठी झुडपांवर आपटत जाण्याचं कारण ते. उकिडवं बसून पाला उलथताना माणसाचं मागं लक्ष नसतं, म्हणून ती एका जागी फार वेळ बसत नाही. मी जो वेळ शोधाच्या हिशोबात मांडत होतो त्यातला किती तिनं भीतीच्या हिशोबात कापलाय, ते माझ्या चित्रात नव्हतंच. आता तो पाचवा ठिपका घालायलोय, वारुळांभोवती लेवी चालीनं फिरणारा, आणि बघण्याचा वेळ त्यानं किती आखडतो ते काढायचंय.

कोड पाहिजे असेल त्यानं मागावा, देतो. वारुळांच्या जागा मागू नयेत. जुनी वारुळं ती मला दाखवते, पण नवीन कुठलं गावलं ते मलासुद्धा अजून सांगितलेलं नाही.